पहिली ओळ कुणाची?

मराठी माणसाच्या एक्सेल शीटमध्ये पहिल्या ओळीत देव असतो. ‘॥ श्री ॥’ किंवा ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’, ए पासून एच पर्यंतचे आठही सेल एकत्र जोडून, मधोमध, लाल अक्षरांत. दुसऱ्या ओळीत संस्थेचं नाव, शेवटच्या ‘मर्यादित’सकट. तिसरीत नोंदणी क्रमांक, चौथीत पिनकोडसह पत्ता, पाचवीत ‘सभासद वर्गणी तक्ता, सन 2024-25’. सहावी ओळ मोकळी, कारण एवढी मोठी मंडळी वर बसल्यावर थोडं अंतर राखायचं असतं. आणि मग सातव्या ओळीत, अंग चोरून, अ. क्र., नाव, फ्लॅट नं., मोबाइल, आकारणी, जमा, बाकी आणि शेरा उभे असतात. लग्नपत्रिकेत कुलदैवतं, कै. आजोबा, मामाच्या लग्नाला यायचं आग्रहाचं आमंत्रण देणारी चिमुरडी आणि व्यवस्थापक मंडळ यांच्या गर्दीत वधूवरांची नावं हुडकावी लागतात, तशी ही सातवी ओळ हुडकावी लागते.

ही सवय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री काढल्याशिवाय कीर्द सुरू होत नसे, खतावणीही नाही. कागदाला त्याचं काही वाटत नाही. कागद वाचायला माणूस असतो आणि देवाला नमस्कार करून सातव्या ओळीपासून वाचायचं, हे माणसाला शिकवावं लागत नाही. संगणकाला लागतं. त्याला एवढंच ठाऊक की सगळ्यात वरची ओळ म्हणजे रकान्यांची नावं. तिथे ‘श्री’ दिसलं की तो समजतो, या रकान्याचं नाव श्री. पुढचे सात रकाने त्याला बेनामी वाटतात.

वास्तविक मागणी किती माफक आहे पाहा. 2007 च्या आवृत्तीपासून एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी आणि 16,384 रकाने मिळतात. शेवटच्या रकान्याचं नाव एक्सएफडी, आणि तिथपर्यंत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याआधी 65,536 ओळी मिळायच्या, त्याही कुठल्या गृहनिर्माण संस्थेला कमी पडल्याचं ऐकिवात नाही. एवढ्या अफाट मुलखातून यंत्र आपल्याकडे एक ओळ मागतं. साधी, सलग, न जोडलेली, एका रकान्याला एक नाव असलेली ओळ. नेमकी तीच आपल्याच्याने देववत नाही.

यंत्राची बाजू समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. 1978 साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनला वाटलं, हा फळा स्वतःच पुसला आणि लिहिला गेला तर? पुढच्या वर्षी त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क आणलं. रकान्यांना ए, बी, सी आणि ओळींना 1, 2, 3 ही वहिवाट तेव्हाचीच. म्हणजे यंत्राने आपलं शीर्षक जन्मतःच लावून ठेवलंय. वर ए, डावीकडे 1, त्याचं काम झालं. खाली तुम्ही काहीही लिहा, तो सगळा माल. त्यातली एक ओळ मालाची नसून पाटीची आहे, हे तुम्ही सांगाल तेव्हा त्याला कळणार. न सांगितलं तर ते बिचारं अंदाज बांधतं: ही ओळ ठळक आहे, वर शब्द आहेत, खाली आकडे आहेत, तेव्हा पाटी असावी बहुधा. क्रमवारी लावताना तर ते चक्क विचारतं. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते: ‘माय डेटा हॅज हेडर्स’. आमच्या सोसायटीच्या इतिहासात त्या चौकटीकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही.

त्याचा परिणाम म्हणजे श्री. नाव.

आमच्या खजिनदारकाकांनी सभासदांची यादी अकारविल्हे लावली. चौकटीत खूण नव्हती. सातवी ओळ मालाबरोबर हलली आणि आपल्या योग्य जागी जाऊन बसली. नामदेव, नारायण, नाव, निलेश. अक्षरक्रमाच्या दृष्टीने यात दोष काढायला जागा नाही. यादी छापून जिन्याखालच्या फलकावर लागली, आणि संध्याकाळी फलकासमोर तीन ज्येष्ठ सभासद जमले.

“हे नाव म्हणून कोण हो?”

“बी विंगमधले असतील.”

“फ्लॅट नंबरसमोर नुसतं ‘फ्लॅट नं.’ लिहिलंय.”

“म्हणजे भाडेकरू.”

“बाकीसमोर ‘बाकी’ लिहिलंय. किती ते नाही लिहिलेलं.”

“लपवतात हो, कमिटीच्या मर्जीतले असले की लपवतात.”

वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, या नावाचं कुणी राहत नाही, पण कुरियर येऊन जातं कधी कधी. त्यावरून संशय आणखी बळावला. पुढच्या सभेत थकबाकीदारांची नावं जाहीर करा, अशी मागणी झाली तेव्हा श्री. नाव यांचा उल्लेख आदराने, पण सर्वांत आधी झाला.

याहून मोठा गोंधळ पत्रांचा. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना प्रत्येकाला त्याच्या नावाने जावी, अशी सेक्रेटरींची हौस. वर्डमध्ये मेल मर्ज नावाची सोय असते. ती एक्सेलची पहिली ओळ बघून विचारते, यातला कोणता रकाना ‘प्रिय’च्या पुढे घालू? समोर पर्याय आले ते असे: ॥ श्री ॥, एफ2, एफ3, एफ4 आणि असेच पुढे. कुठलाही सुसंस्कृत माणूस यातून श्रींचीच निवड करील. सेक्रेटरींनी तीच केली. पहिलं पत्र निघालं ते ‘प्रिय’ आणि पुढे संस्थेचं संपूर्ण नाव. म्हणजे संस्थेने संस्थेला सभेचं निमंत्रण दिलं. दुसरं पत्र नोंदणी क्रमांकाला. तिसरं पत्त्याला. चौथं ‘प्रिय सभासद वर्गणी तक्ता’ असं. पाचवं कुणालाच नाही, ते मोकळ्या ओळीचं. सहावं ‘प्रिय अ. क्र.’ आणि तिथून पुढे ‘प्रिय 1’, ‘प्रिय 2’, ‘प्रिय 3’. चेअरमनसाहेब यादीत पहिले असल्यामुळे त्यांनी आपलं पत्र समजूतदारपणे घेतलं. तेविसाव्या सभासदांनी मात्र इमारतीच्या पायाभरणीपासून आपण इथे असताना हा क्रमांक कोणत्या निकषावर दिला, अशी लेखी विचारणा केली.

जाता जाता त्या मोकळ्या सहाव्या ओळीबद्दल चार शब्द बोलायलाच हवेत. आपण ती आदरापोटी सोडतो, पण या सगळ्या मांडणीत शास्त्राला धरून असलेली गोष्ट तेवढीच. एक्सेल एका तक्त्याची हद्द मोकळ्या ओळीवरून ओळखतं. ती ओळ आहे म्हणून निदान क्रमवारी लावताना देव आणि नोंदणी क्रमांक वर्णानुक्रमात खाली घसरत नाहीत. कागद वाचावा म्हणून कमिटीतलं कुणीतरी दर वर्षी नेमकी तीच ओळ काढून टाकतं.

मग येतं ‘फ्रीझ टॉप रो’. यादी खाली सरकवली की रकान्यांची नावं वर निघून जातात आणि 8,400 ही आकारणी आहे की बाकी, हे कळेनासं होतं. त्यावर उपाय म्हणून व्ह्यू मेनूत पहिली ओळ जागेवर खिळवून ठेवायची सोय आहे. आमच्याकडे ती वापरली की ॥ श्री ॥ जागेवर राहतात आणि बाकीचा तक्ता सरकतो. भक्ती म्हणून उत्तम. पण 8,400 चं कोडं सुटत नाही. मग कुणीतरी जाणकार भाचा सांगतो की आठव्या ओळीत कर्सर ठेवून ‘फ्रीझ पेन्स’ करा. केलं. आता सात ओळी खिळल्या. लॅपटॉपच्या पडद्याचा वरचा निम्मा भाग देव, संस्था आणि पत्ता यांनी कायमचा घेतला आणि उरलेल्या फटीतून सभासद चार-चारच्या तुकड्यांनी दर्शन देऊ लागले. फोनवर उघडलं तर सभासद दिसतच नाहीत, फक्त पिनकोड दिसतो.

आमचे आधीचे सेक्रेटरी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा तक्ता वेगळ्या घराण्याचा. सरकारी नमुन्यात शीर्षकाला मजले असतात. वर ‘येणे रकमेचा तपशील’, त्याखाली ‘चालू’ आणि ‘मागील’, त्याखाली ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’. मजकूर लांब आणि रकाना अरुंद, म्हणून अक्षरं उभी फिरवलेली. सभेत तक्ता वाटला की सगळा समाज माना डावीकडे कलती करून बसतो. आणि या सगळ्या मजल्यांच्या खाली एक ओळ हमखास असते, रकान्यांच्या क्रमांकांची: 1, 2, 3, 4, 5, 6, 7, 8. कागदी नोंदवहीत तिचा उपयोग होता. ‘रकाना 5 मधून रकाना 6 वजा करून रकाना 7 भरावा’ असं लिहिता यायचं. गावच्या दप्तराचे गाव नमुने 1 ते 21 याच वळणाचे. त्यातले सातवा आणि बारावा मिळून आपला सातबारा झाला.

कागदावर निरुपद्रवी असलेली ही ओळ एक्सेलमध्ये फार मोठी कामगिरी करते. बेरीज करणारं सूत्र शब्द सोडून देतं, पण आकडा दिसला की मिळवतं. त्यामुळे आकारणीच्या एकूण रकमेत पाच रुपये जास्त, जमेत सहा जास्त, बाकीत सात जास्त. आकारणीतून जमा वजा केली आणि बाकीशी ताळा घातला की आठ रुपयांचा फरक. आठशेचा असता तर कुणी पाहिलंही नसतं. जमाखर्चात मोठ्या फरकाला स्पष्टीकरण असतं. आठ रुपयांना नसतं. ते आठ रुपये शोधण्यात दोन हिशेब तपासनीस, एक निवृत्त बँक अधिकारी आणि कॉमर्सची एक विद्यार्थिनी खर्ची पडली. बँक अधिकाऱ्यांचं मत पडलं की हा चेकबुकाचा आकार असावा. अखेर खजिनदारकाकांनी स्वतःच्या खिशातून आठ रुपये भरले, त्याची पावती फाडली, ती पावती तक्त्यात चढवली आणि फरक सोळा झाला.

रकान्याच्या डोक्यावर नुसतं वर्ष लिहिणाऱ्यांचं तर विचारूच नका. वर 2024, खाली रकमा, आणि आपोआप बेरजेचं बटण दाबलं की वर्षसुद्धा वर्गणीत जमा. दर वर्षी एक रुपयाने वाढतं, हीच काय ती सोय.

आर्थिक वर्षाची गंमत आणखी खोल आहे. जुन्या थकबाकीच्या तक्त्यात ओळीने 2009-10, 2010-11, 2011-12, 2012-13 असे रकाने करायला घ्या. पहिल्या तिघांचं एक्सेल ऑक्टोबर 2009, नोव्हेंबर 2010 आणि डिसेंबर 2011 करून टाकतं. चौथं मात्र निमूट राहू देतं, कारण तेरावा महिना त्याला माहीत नाही. आपल्या पंचांगात अधिक मासाच्या वर्षी तेरावा येतो, ही बातमी अमेरिकेपर्यंत पोचलेली नाही, हे थकबाकीदारांचं भाग्य. सातबाऱ्याचंही तेच. शीर्षकात 7/12 लिहिलं की संगणकाची मांडणी भारतीय असेल तर 7 डिसेंबर आणि अमेरिकी असेल तर 12 जुलै. शेतजमिनीचा गट नंबर आणि हिस्सा लिहावा तर तिथेही मुहूर्त निघतो.

याचा त्रास फक्त आपल्याला होतो असं नाही. ‘मार्च1’ आणि ‘सेप्ट1’ अशा नावांची जनुकं माणसाच्या शरीरात आहेत. शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं त्यांच्या तारखा होत राहिल्या. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 2020 मध्ये ‘मार्चएफ1’ आणि ‘सेप्टिन1’ अशी नवी नावं देऊन टाकली. एक्सेलसमोर साक्षात जीवशास्त्राने माघार घेतली. महसूल खातं मात्र सातबाऱ्याचं नाव बदलणार नाही, याची मला खात्री आहे. आपण आकड्याच्या आधी एक अवतरणचिन्ह टाकून पुढे जावं. मग एक्सेल त्याला मुकाट मजकूर समजतं.

आता चार विंगच्या चार फायली एकत्र करायचा प्रसंग. प्रत्येक विंगच्या प्रतिनिधीने आपापली यादी केली होती. ए विंगने लिहिलं ‘मोबाइल’. बी विंगने ‘मोबाईल’. सी विंगमध्ये निवृत्त मराठीच्या बाई राहतात, त्यांनी ‘भ्रमणध्वनी’. डी विंगने ‘फोन नं.’, आणि शेवटी कुणाला न दिसणारी एक मोकळी जागा. फायली जोडणारं यंत्र नावावर जातं. नाव सारखं तर रकाना एक, वेगळं तर रकाना वेगळा. निघाला तो तक्ता असा की प्रत्येक सभासदाला फोनचे चार रकाने, त्यातले तीन रिकामे. साहित्य महामंडळ 1962 पासून लेखनाचे नियम सांगत आलं आहे; त्यांची खरी कड घेतली ती या यंत्राने. वेलांटी पहिली की दुसरी, यावर इतका कडक परीक्षक मराठीला आजवर मिळाला नव्हता. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या प्रसन्न झाल्या आणि बी विंगला नियमांची प्रत देऊन आल्या.

नुसतं शुद्ध लिहूनही भागत नाही. ‘ॲडव्हान्स’ मधला ॲ दोन प्रकारे टंकता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा अ लिहून त्यावर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन परकी माणसं. आणि जुनी फाइल कृतीदेवमध्ये केलेली असेल तर तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘नाव’ या रकान्याच्या डोक्यावर इंग्रजी यू, के, ओ दिसतं. ‘गाव’चं होतं एक्स, के, ओ. ‘वय’चं नुसतं ओ आणि पुढे अर्धविराम, जो साठी उलटलेल्या सभासदांना अगदी समर्पक वाटला.

शेवटचा रकाना शेरा. बाकी सगळं बदललं तरी शेरा हलत नाही. त्याचं शीर्षक सर्वांत लहान आणि मजकूर सर्वांत मोठा. रकमेच्या रकान्यात जे मावत नाही ते शेऱ्यात: ‘गळती दुरुस्त झाल्यावर देतो म्हणाले’, ‘मुलगा परदेशी’, ‘बोलावं लागेल’. कचेरीच्या वळणाची माणसं शेऱ्याखाली काही नसेल तर ‘निरंक’ लिहितात, ते ठीक. पण तीच माणसं सवयीने जमेच्या रकान्यातही शून्याऐवजी निरंक लिहितात, आणि जमेत एखादी रक्कम मिळवायला जावं तर एक्सेल ‘व्हॅल्यू’ असं ओरडून बसतं. शून्य आणि निरंक यांतला फरक त्याला समजत नाही. फरक आहे. शून्य म्हणजे दिले नाहीत. निरंक म्हणजे दिले नाहीत, आणि हे आम्ही तपासलं आहे.

सभेच्या दिवशी हे सगळं छापलं जातं तेव्हा शीर्षक फक्त पहिल्या पानावर येतं. पडद्यावर खिळवलेली ओळ कागदावर आपोआप येत नाही. त्यासाठी पेज लेआउटमध्ये ‘प्रिंट टायटल्स’ असतं, तिथे कोणती ओळ पानापानावर छापायची ते सांगावं लागतं. ते न सांगितल्याने चौथं पान हाती आलेल्या सभासदाला नुसते आकडे मिळतात, आणि तो आकड्यांवर बोलायला उठतो. त्याला आपला मोबाइल नंबर थकबाकीच्या रकान्यात वाटतो. दहा आकडी थकबाकी ऐकून सभा स्तब्ध होते.

तेव्हा मार्चअखेर तक्ते करायला बसणाऱ्या तमाम खजिनदारांना, सेक्रेटरींना आणि त्यांच्या भाच्यांना हात जोडून सांगणं आहे. देवासाठी, संस्थेसाठी आणि नोंदणी क्रमांकासाठी एक्सेलमध्ये स्वतंत्र जागा आहे. पेज सेटअपमध्ये हेडर-फूटर उघडा. डावं, मधलं, उजवं अशी तीन दालनं मिळतात, सगळी मिळून 255 अक्षरांची. मधल्या दालनात श्री आणि संस्थेचं नाव, उजवीकडे क्रमांक, डावीकडे पत्ता. ‘मर्यादित’सकट बसतं, आणि प्रत्येक पानावर छापलं जातं, म्हणजे मान कमी न होता वाढतोच. मग तक्ता निवडून कंट्रोल-टी दाबा आणि विचारील तेव्हा, होय, आमच्याकडे शीर्षक आहे, अशी खूण करा. त्यानंतर तक्त्यात कर्सर ठेवून कितीही खाली गेलात तरी यंत्र आपलं ए, बी, सी बाजूला सारून तिथे तुमचे नाव, फ्लॅट नं., आकारणी मिरवतं. काही खिळवायला नको. सेल जोडू नका, क्रमांकांची ओळ घालू नका, मोबाइलचं काय लिहायचं ते चारही विंगनी आधी ठरवा. शेरा राहू द्या. पहिल्या ओळीत, ए रकान्यात, ‘अ. क्र.’ लिहा, खालच्या 10,48,575 ओळी तुमच्याच आहेत.